खालच्या फळीच्या मेधाताई

सराव सुरू होण्याआधी मेधाताई सगळ्या मॅटवरून अनवाणी फिरत. दोन मॅटमध्ये जराशी फट पायाला लागली की खाली बसून ती बुजवत, आणि तोवर इथल्या सेंगकांग उपनगरातल्या एका शाळेतल्या चिअरलीडिंगच्या पोरी ताटकळत उभ्या. पुण्यात मल्लखांब गाजवलेली ही बाई शिकवायची इंग्रजीतून, पण रागावली की थेट मराठीत. चिनी आणि मलय पोरींनाही ते बरोबर कळे.

माझी इरा खालच्या फळीत होती, म्हणजे दुसरीला हातांवर उचलून धरणाऱ्यांत. मला ते कमीपणाचं वाटे. ताई म्हणाल्या, "टाळ्या वरचीला मिळतात हो, पण तिचा जीव खालचीच्या मनगटात असतो."

म्हणूनच दर आठवड्याला पालकांच्या सहीचा एक कागद असे: मुलीला कुठे दुखतंय का? नेमकं स्पर्धेच्या आठवड्यात इराचं मनगट सुजलं. स्पर्धेचे गुण पुढे कॉलेजच्या प्रवेशाला उपयोगी पडतात. ऑफिसात रखडलेल्या प्रोजेक्टच्या रिपोर्टवर 'सगळं सुरळीत' लिहायची मला सवय होतीच. मी 'नाही'वर खूण केली, सही ठोकली आणि इराला म्हणालो, "दोन दिवसांचा प्रश्न आहे. बोलू नकोस."

"ओके लाह, बाबा," ती इथल्या पोरींच्या बोलीत म्हणाली.

सरावात त्या मनगटाने दगा दिला. वरची मुलगी डोक्यावर आपटायची, पण ताई मध्ये घुसल्या. मुलीला खरचटलंही नाही. ताईंच्या खांद्याचं हाड मोडलं.

चौकशीच्या बैठकीला आम्हा पालकांनाही बोलावलं होतं. मुख्याध्यापिकांनी ताईंना विचारलं, दुखऱ्या हाताच्या मुलीला उभं केलंतच कसं? माझा कागद ताईंच्या फाइलमध्ये होता. त्यांनी तो काढला नाही. "मनगट हातात घेऊन बघायला हवं होतं, ते माझं काम," एवढंच म्हणाल्या. मी समोर मूग गिळून बसलो होतो. त्यांची नोकरी गेली. मी इतका भेकड असेन असं मला कधी वाटलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी बुकित पंजांगला त्यांच्या फ्लॅटवर गेलो. दार त्यांनी डाव्या हाताने उघडलं. एलआरटी गाडीत घोकलेलं सगळं मी उभ्याउभ्याच बोलून टाकलं: चूक माझी, सही खोटी, उद्या शाळेला लिहून देतो.

"द्या. द्यायलाच हवं," ताई म्हणाल्या. मग विचारलं, "इराचं मनगट आता कसं आहे?"

मला ठाऊक नव्हतं. तीन आठवडे मी स्वतःला बोल लावत बसलो होतो; तिला एकदाही विचारलं नव्हतं.