आबांची अर्धी कवळी

माझ्या वडिलांचा, आबांचा, आवाज असा होता की ते अंगणात बोलले तर पलीकडच्या सड्यावर गुरं राखणारी माणसंही मान वळवायची. शिमग्यात देवाची पालखी दारात आली की नारळ ठेवून घरादारासाठी देवाकडे मागणं मागतात, त्याला गाऱ्हाणं म्हणतात. आमच्या वाडीत ते आबाच घालायचे. त्यांच्या प्रत्येक वाक्यावर सगळी वाडी "व्हय म्हाराजा" म्हणायची. कुणाची म्हैस आटली, कुणाचा मुलगा मुंबईत आजारी आहे, ते काही विसरायचे नाहीत. म्हणायचे, "देवाला सगळं ठावं असतं गो, पण आपण नीट बोलून सांगायला होवं."

गिरणीचा संप झाला त्याच्या पुढच्या वर्षी त्यांचे खालचे पाच दात गेले आणि शब्दांतून वारा जायला लागला. मला रत्नागिरीत दिलेली, म्हणून ते दात बसवायला माझ्याकडे येऊन राहिले. डॉक्टरांनी अर्धी कवळी करून दिली, उरलेल्या दातांना तारेने अडकवायची. म्हणाले, "टोचली तर लगेच घेऊन या, घासून देतो. दोन मिनिटांचं काम आहे."

आबा कवळीला 'पावनी', म्हणजे पाहुणी, म्हणायचे. जेवायला बसले की ती काढून वाटीखाली झाकायचे. "आज पावनीचा उपास हाय," म्हणायचे. माझे यजमान हसायचे. मला मात्र शरम वाटायची. शेजारीण आली की मी डोळ्यांनी खुणावायचे, तोंडात घाला.

आठ दिवसांनी म्हणाले, "बाय, ही जिभेखाली चावते गो. डाक्तरला इचारून ये, कधी जायाचं."

बाजाराला गेले तेव्हा मी दवाखान्याच्या पायऱ्या चढले. आत बाकावर शिकलेली माणसं बसली होती, मुलीच्या शाळेतल्या बाईसुद्धा. कंपाउंडरने तिथूनच मोठ्याने विचारलं, "काय होतंय तुम्हाला?" सगळे माझ्याकडे बघू लागले. "काही नाही, चुकून आले," म्हणून मी खाली उतरले.

घरी आबा ओटीवर वाट बघत होते. मी सांगितलं, "डॉक्टर म्हणाले, सवय होईल. काढायची नाही, जेवतानासुद्धा." जेवतानाचं तर मी उगाचच पदरचं घातलं.

"डाक्तर सांगतो म्हंजे तसंच असंल," आबा म्हणाले.

त्यानंतर त्यांनी ती दिवसभर काढलीच नाही. बांगडा सोडला, पेजेवर आले. बोलणं कमी झालं. मी ते बघत होते, आणि महिन्याने ते गावी गेले तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं.

शिमग्याला मीही गेले. पालखी अंगणात बसली. आबांनी नारळ ठेवला, हात जोडले. दोन वाक्यं झाली, तिसऱ्याला शब्द अडकला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडकला. वाडी "व्हय म्हाराजा" म्हणायला ताटकळत उभी. मागून कुणीतरी म्हणालं, "आबांनू, दात गिळलाव की काय?" हशा झाला. आबांनी तोंडावर पंचा धरला आणि माझ्या चुलतभावाला, बाळाला, खूण केली. गाऱ्हाणं बाळाने पुरं केलं.

मागल्या दारी आबांनी चूळ भरली. पाणी तांबडं होतं. जिभेखाली तार रुतून रुतून खोल जखम झाली होती.

दुसऱ्या दिवशी पहिल्या यष्टीने त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर चिडले. "एवढं होईपर्यंत थांबलात? लगेच या म्हणून सांगितलं नव्हतं मी?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. मी पदराचं टोक पिळत उभी होते. मग ते डॉक्टरांना म्हणाले, "चूक माझी. पोर रोज मागं लागलेली, मीच आलो नाय."

पायऱ्या उतरताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला. "एकटीला लाज वाटली तर मला सांगायचं गो बाय. दोघं आलो असतो."

जखम भरली, कवळी नीट बसली, बोलणंही सुधारलं. पण पुढच्या शिमग्याला लोकांनी नारळ पुढे केला तेव्हा आबांनी हात मागे घेतले. "बाळा घालतो बरा," म्हणाले, आणि सगळ्यांच्या मागे जाऊन उभे राहिले. ते वारले तोपर्यंत पुन्हा पुढे झाले नाहीत.

आबांनी हात मागे घेतले त्या दिवशी पडवीत बायका म्हणत होत्या, "आबांचं वय झालं आता."

मी म्हणाले, "हो, झालं."