कांद्यांचा नवस

हसायचं तर हसा, पण चहाचा कप आधी खाली ठेवा. मी घातलेला घोळ ऐकताना तो हातातून सुटेल.

झालं असं, पाळी गेली आणि डॉक्टरीणबाईंनी हाडांची तपासणी करायला लावली. हाडं विरळ झालीत म्हणे. नुसत्या गोळ्यांवर भागणार नाही, पाठीवर वजन घेऊन उठाबशा काढा, कोवळं ऊन घ्या, आणि हे आता कायमचं!

जिमची मला लाज. म्हणून निखिलच्या, म्हणजे माझ्या मुलाच्या, जुन्या सॅकमध्ये कांदे भरले आणि सकाळी गच्चीवर सूर्याकडे तोंड करून सुरुवात केली. गुडघे असे करकरायचे की कबुतरं उडून जायची.

पण कुणाला कळता कामा नये. गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत एखादीची पाळी गेल्याचं कळलं, की बायका तिला जिन्यात हात धरून चढवायला लागतात. मला ते सोसलं असतं का?

आणि नेमक्या समोरच्या विमलताई पापड वाळत घालायला वर आल्या. त्यांचे यजमान लासलगावला कांद्याचे व्यापारी. माझ्याकडे बघून त्यांनी चपला काढल्या आणि हात जोडले.

"वहिनी, कांद्याच्या भावासाठी नवस बोलला का? लय कडक हाय."

"भावासाठी नाही हो," मी बोलून बसले. "निखिलचं लग्न जमावं म्हणून."

झालं! दुसऱ्या दिवशी गच्चीवर बायकांची गर्दी. मी उठाबशा काढतेय आणि त्या मला कुंकू लावतायत. मध्येच उठले की ते हनुवटीला लागायचं. त्यातून प्रत्येकीने आपापल्या अडचणीचा एकेक कांदा माझ्या सॅकमध्ये टाकला. कुणाच्या मुलाची नोकरी, कुणाच्या सासूची तब्येत, सगळं माझ्या पाठीवर!

विमलताईंनी आपल्या भाचीचं, ऋतुजाचं, स्थळ आणलं. आणि जमलं की हो! साखरपुडा झाल्याबरोबर ताईंनी नवसाचं उद्यापनही करायला लावलं. सॅकमधल्या कांद्यांची भजी सगळ्यांनी प्रसाद म्हणून खाल्ली.

आता नवस फिटल्यावर उठाबशा काढणार कशा? घरात बसले. कंबर कुरकुरू लागली, डॉक्टरीणबाईंनी चांगलं झापलं. शेवटी एका रविवारी नवे कांदे भरून गुपचूप वर गेले. चार उठाबशा होतायत तोच विमलताई हजर, ऋतुजाला गच्ची दाखवायला.

"वहिनी, आता कशासाठी?"

माझ्या तोंडून काय निघावं? "नातवासाठी!"

लग्नाला अजून अवकाश, आणि होणारी सून समोर उभी. धरणी दुभंगावी आणि कांद्यांसकट मला पोटात घ्यावं, असं झालं. ऋतुजाने शांतपणे माझी सॅक सरळ केली, पट्टे आवळले.

"आई, सावकाश चालू द्या. आम्हाला पाच-सहा वर्षं तरी मूल नको. तोवर तुमची हाडं लोखंडासारखी होतील. माझी आईसुद्धा रोज हेच करते. फक्त ती त्याला व्यायाम म्हणते."