कंबरेला बांधलेलं वाळकाचं बी

मावशीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. "शनवारी बीबीले बायाइचा मेळावा हाय. येतं का तू? मले एकटीले जाऊ देत नाई हे." 'हे' म्हणजे आमचे काका. मावशी बासष्ट वर्षांची, सोनाळ्याला राहते, उभा जन्म कापूस वेचण्यात गेला. तिला जिल्ह्यातल्या जिल्ह्यात एकटीनं जाऊ द्यायचं नाही, म्हणून पुण्याहून भाचीनं यायचं. असो. माझ्या सुट्ट्या शिल्लक होत्या, आणि मावशी कधी काही मागत नाही.

शुक्रवारी सोनाळा गाठलं. फेब्रुवारी होता, वेचणी संपलेली, शेतात कपाशीच्या नुसत्या पऱ्हाट्या उभ्या. शनिवारी पहाटे पहिली एसटी. सोनाळा ते बीबी म्हणजे जिल्ह्याचं एक टोक ते दुसरं टोक, आणि सरळ गाडी नाही. आम्ही शेगाव, खामगाव, चिखली, मेहकर अशा गाड्या बदलत गेलो. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे खिशाला झळ लागत नाही, कंबरेला लागते. शेगावला उतरून कचोरी खा, पुढे दुपारपर्यंत धड काही मिळत नाही. घाट चढला की हवा जरा बरी होते.

चिखलीच्या स्टँडवर मावशीनं पिशवीतून औषधाची बाटली काढली. आत राख, आणि राखेत वाळकाच्या बिया. मोजून अकरा.

वाळूक ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: काकडीच्या जातीतलं, पिकलं की पिवळं पडणारं, वासानंच भूक लागावी असं फळ. पूर्वी कपाशीच्या तासात, म्हणजे ओळींमध्ये, त्याचे वेल सोडायचे आणि वेचता वेचता बाया तिथंच फोडून खायच्या. मावशीच्या आईनं, म्हणजे माझ्या आजीनं, लग्नात तिच्या ओटीत हे बी घातलं होतं. मावशी दरवर्षी पेरायची, दरवर्षी नवं बी धरायची.

"मंग काऊन सोडलं?" मी तिच्याच भाषेत विचारलं, तर हसली.

"कपाशीत बीटी आली, त म्हणे आता फवारा नाई लागत. दोन-चार वर्सं नाई लागला. मंग मावा, मंग बोंडअळी. आता फवाऱ्यावर फवारा. त्या वावरातलं वाळूक लेकराले देशीन का तू? परसात लावलं त माकडं ठेवत नाई."

सात वर्षं ते बी बाटलीत होतं. बीबीकडच्या काही बायका न फवारता थोडं शेत करतात, असं तिनं ऐकलं होतं. बी त्यांच्या हाती द्यायचं, एवढ्यासाठी हा सगळा प्रवास. "माह्या आईचं एवढंच उरलं हाय," ती म्हणाली. मी चहा आणायला उठले.

मेळावा मंगल कार्यालयात होता. प्रवेश फी म्हणजे मूठभर बियाणं; मावशीनं दोघींची म्हणून तूर आणली होती. जाणार असाल तर ताट, पेला आणि अंथरूण घरून न्या. मी नेलं नाही आणि रात्री सतरंजीचा प्रत्येक धागा मोजला. जेवण मात्र असं, की मी तक्रार मागे घेते. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, वर कच्चं तेल. जेवून उठले तेव्हा बायका ओव्या म्हणत होत्या, एकमेकींच्या नवऱ्यांची नक्कल करत होत्या. निम्म्याजणी पहिल्यांदाच घराबाहेर राहत होत्या, आणि ते त्यांच्या हसण्यावरून कळत होतं.

बियाण्याचं काम शमीम आपांकडे. साठीच्या, बीबीच्याच, स्वतःचं शेत कसणाऱ्या. पुढे एक मोठा पाट मांडलेला. रविवारी दुपारी त्या पाटावर बी ठेवायचं आणि ज्या बाईला हवं तिनं उचलायचं. अट एकच, बी जिवंत पाहिजे. जुनं बी असेल तर आदल्या दिवशी भिजवून, ओल्या फडक्यात गुंडाळून कंबरेला बांधायचं. अंगाच्या उबेनं मोड येतो.

आपांनी बाटली उजेडात धरली. "सात साल? बाई, दर दोन-तीन सालांनी पेरून नवं धरायचं असतं. इतकं जपून ठेवता का कुणी?"

मावशीनं बी भिजवलं. फडकं कंबरेला बांधून ती रात्रभर कूस न बदलता झोपली, बी चेंगरेल म्हणून.

रविवारी दुपारी एकेक पुरचुंडी उघडली. कुणाच्या चवळीला मोड, कुणाच्या दोडक्याला. मावशीनं फडकं सोडलं. अकराच्या अकरा बिया जशाच्या तशा. आपा म्हणाल्या, "जुनं बी आहे, दोन दिवस अजून ठेवा." पण पाट उचलायची वेळ झाली होती. मावशीनं फडकं माझ्या हातात दिलं. "फेकून दे कुठी. मले पाह्यवत नाई."

मी फेकलं नाही. मावशीला मेळाव्यात भेटलेल्या तिच्या गावाकडच्या बायकांसोबत गाडीत बसवून दिलं, लोणारचं सरोवर इतकं जवळ असून तसंच सोडलं, आणि पुण्याच्या ट्रॅव्हल्समध्ये बसले. फडकं ओलं करून कुर्त्याखाली बांधलं. शेजारची बाई पाठदुखी का म्हणून विचारत होती, मी हो म्हटलं. सोमवारी तसंच ऑफिसात. बाथरूममध्ये जाऊन फडकं भिजवत होते, स्वतःवरच हसत होते.

मंगळवारी संध्याकाळी सोडलं. दहा बिया मऊ पडलेल्या. अकरावीला मोडाचं पांढरं टोक.

मावशीला फोन केला. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज.

"मी शनिवारी घेऊन येते," मी म्हटलं. "आपांकडे पोचवू."

"तवरोक मरन ते. तुह्या गॅलरीत ऊन येते ना?"

"येतं."

"तिथं फवारा नाई ना कोनी मारत?"

"नाही."

"मंग तिथंच लाव. फळ पिकलं का बी घेऊन ये. पुढच्या साली पाटावर मी ठेवीन."

घरातली सगळ्यात मोठी कुंडी रिकामी केली, बी लावलं, हात धुतले. मग आठवलं, आमच्या सोसायटीत दर महिन्याला पेस्ट कंट्रोलवाला येतो. तशीच चप्पल घालून खाली गेले आणि वॉचमनला सांगून आले, त्याला आमच्या घरी पाठवायचं नाही.