मशर बाईचं हळदीकुंकू

एडिनबराच्या आमच्या मराठी मंडळात माझ्या कुत्र्यांवरून कुजबुज चालते, हे मला ठाऊक आहे. चालू दे. नवरा गेल्यावर मी हॉस्पिटलची नोकरी सोडली, हस्की पाळले आणि रविवारी त्यांना गाडीला जुंपून जंगलात पळवायला लागले. गाडी चाकांचीच. घसरगाडी ओढता येईल इतका बर्फ इथे क्वचितच टिकतो, त्यामुळे आमची दौड बहुतेक चिखलातच होते.

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी जंगलातून थेट गेले. साडी वाटेत एका मैत्रिणीकडे नेसले, तरी शालीला कुत्र्यांचे केस चिकटलेच. तसं मला हळदीकुंकवाला बोलावलंच नव्हतं. "काकू, जेवायला नक्की या," एवढाच फोन होता. विधवेला त्या नावाने आमंत्रण द्यायचं नाही, हा नियम आपण पासपोर्ट बदलला तरी सोडत नाही.

"काकू, तुम्हाला खरंच डॉग्ज ओढत नेतात? सो क्यूट!" यजमानीण म्हणाली. माझ्या मुलीच्या वयाची, बँकेत मोठ्या हुद्द्यावर. "पण या वयात रिस्की नाही का? आता छान बसून रिलॅक्स करा ना."

माझं डोकंच फिरलं. बस, बस, बस. नवरा गेल्यापासून जो तो मला बसवायलाच निघालाय.

"बसत नाही गं मी," मी म्हटलं. "मी मशर आहे. कॅनडातले फ्रेंच गाडीवान कुत्र्यांना 'मार्श' म्हणून हाकायचे, म्हणजे 'चला'. इंग्रजांच्या तोंडी त्याचं 'मश' झालं, आणि तसं ओरडणारा तो मशर, असं सांगतात. चढ आला की तो खाली उतरतो, गाडी ढकलतो, कुत्र्यांच्या मागे धापा टाकत पळतो. आरामात बसून जातो त्याला पॅसेंजर म्हणतात."

बायका हसल्या. मग हळदीकुंकवाचं तबक फिरायला लागलं. माझ्या शेजारणीला कुंकू लागलं, पलीकडचीलाही लागलं. माझ्यापाशी आल्यावर यजमानणीने फक्त तिळगूळ पुढे केला, तोही वाकून, अगदी आदराने.

मला राग आला. त्याहून जास्त वाईट वाटलं. पण उठून कोपऱ्यात जाऊन रडणाऱ्यातली मी नाही.

"कुंकू राहिलं," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं.

"अहो काकू, आय मीन... तुम्हाला हर्ट होऊ नये म्हणून..."

"हर्ट आत्ता झालं. मी शाळेत असल्यापासून कुंकू लावते. ते नवऱ्याबरोबर आलं नव्हतं, मग त्याच्याबरोबर जाईल कशाला? लाव."

तिचा हात तबकावर अडकला होता. मी कपाळ पुढे करून तशीच थांबले. नाही लावलं असतं तर रात्रभर थांबले असते. शेवटी तिने लावलं, जरा वाकडंच.

तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं. तिची सासू बाहेर आली. भारतातून मुलाकडे राहायला आलेली, माझ्यासारखीच विधवा, म्हणून कार्यक्रम होईपर्यंत आत बसलेली. भिंतीला धरत ती माझ्या शेजारच्या खुर्चीपर्यंत आली आणि सुनेला म्हणाली, "तबक ठेवू नकोस. माझंही कुंकू राहिलंय अजून."