एक्झॅमिनेशनमधला हलका हिसका

इंग्रजी उच्चारांविषयी मी लिहावं, हा आगाऊपणाच. माझ्याआधी घरात कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं आणि ती भाषा मला आजही अडखळतच येते. जाणकारांनी माफ करावं.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी स्पेशल इंग्रजी मिळावं, एवढंच मला हवं होतं. चंद्रपूरच्या आमच्या कॉलेजात त्यासाठी इंग्रजीचे सर पहिल्या वर्षातून निवड करत, वर्गासमोर शब्द म्हणून घेऊन. लांब शब्दात एक मुख्य आघात असतो, एक दुय्यम, हे त्यांनी एकदाच सांगितलं. दुय्यम म्हणजे नेमका किती, असं मी भीत भीत विचारलं.

"ते कानाला कळावं लागतं. तुमच्या जंगलाकडच्या गावांत कान असतात ते वाघाची चाहूल घ्यायला!"

पुढच्या बाकांवरची ऊर्जानगरची, वीज केंद्राच्या कॉलनीतली मुलं हसली.

मला ते कळलं दिवाळीच्या सुट्टीत. वडील जंगल खात्याच्या डेपोत ट्रकवर सागाचे ओंडके चढवत. मी हात लावायला गेलो तर ओरडले, "सारा जोर पयलेच काऊन लावतं बे? पयले हलका हिसका दे. लाकूड हललं का मंग लाव जोर!"

एक्झॅमिनेशन हा शब्द मला तसाच उमगला. 'झॅ'वर हलका हिसका, 'ने'वर पुरा जोर. सुट्टीभर ओंडके ढकलता ढकलता मी शब्द घोकले.

मार्चमध्ये निवडीच्या दिवशी एक्झॅमिनेशन म्हणायला तोंड उघडलं आणि ओंडका ढकलावा तसा खांदा आपोआप हलला. शब्द बरोबर आला होता, हे आजही शपथेवर सांगेन.

"हमाल आला रे!" मागून कोणीतरी ओरडलं. वर्ग खिदळला. सरांनी त्याला हटकलं नाही. मलाच म्हणाले, "हा वर्ग आहे, डेपो नाही. हात मागे बांध आणि म्हण."

मी हात बांधले. शब्द सपाट आला, सगळी अक्षरं एकाच वजनाची. सरांनी पुन्हा म्हणायला लावलं. मग तिसऱ्यांदा. तेव्हा त्यांच्याविषयी मनात जे आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही; पण ते अजून गेलेलं नाही.

यादी उन्हाळ्यानंतर लागणार होती. तोवर मी डेपोत राबलो, पण एकही इंग्रजी शब्द तोंडून काढला नाही. जूनमध्ये वर्गातला एक मित्र एसटीने गावी आला. पाणीही न घेता म्हणाला, "यादी लागली गड्या. तुह्यं नाव नाई. सरानं तुले न इचारताच मराठीत टाकलं."