घरात काय हललं?

घरात आल्यावर काकू लॅपटॉपकडे बघतच नसत. चपला दाराशी काढायच्या, पदराने चष्मा पुसायचा आणि खोलीभर नजर फिरवायची. आपण घाईघाईने लॅपटॉप पुढे सरकवून नेट लागत नसल्याचं रडगाणं सुरू करायचं, की त्या हात वर करून आपल्याला थांबवायच्या आणि विचारायच्या, “शेवटचं चालत होतं, त्यानंतर घरात काय हललं?”

काहीच नाही हललं, असं आपण सांगायचं. सगळेच तसं सांगतात. तुम्हीही आठवून बघा, काही बिघडलं की आपलं पहिलं वाक्य ‘मी काहीच केलं नाही’ हेच असतं. काकूंना ते पाठ होतं. त्या मान डोलवायच्या, पाणी मागायच्या आणि घर न्याहाळत बसायच्या.

नोएडातल्या आमच्या सोसायटीत त्या माझ्या समोरच्या दारी राहायच्या. एका मंत्रालयात स्टेनो म्हणून लागल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. कॉम्प्युटरचं शिक्षण वगैरे काही नाही. हा प्रश्न कुठून आणलात, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, “सेक्शनमध्ये फाइल सापडत नसली की आमचे साहेब आरडाओरडा करायचे. मी विचारायची, कालपासून कोणाचं टेबल हललं? फाइल कधी आपल्या पायांनी चालत जात नाही गं.”

माझी त्यांची ओळख झाली ती चकल्यांमुळे. मी पुण्याहून नुकतीच इथे आले होते. मराठी सबटायटल्स करण्याची नोकरी, आठवड्यातले बरेच दिवस घरूनच काम. दिवाळीनंतर एका सकाळी नेट रांगायला लागलं आणि मग थांबलंच. मी राउटर बंद-चालू केला, लॅपटॉप बंद-चालू केला, कंपनीच्या फोनवरच्या मुलीशी हिंदीत भांडले. माझं हिंदी भांडणाच्या लायकीचं नव्हतं, त्यामुळे माझाच संताप वाढला. आवाज ऐकून काकू आल्या. त्यांनी खोली पाहिली आणि विचारलं, “हे डबे आधीपासून इथेच आहेत?”

आईने फराळाचे स्टीलचे मोठे डबे पाठवले होते. मुंग्या लागू नयेत म्हणून मी ते उंचावर, फ्रिजच्या डोक्यावर रचले होते आणि राउटर बिचारा त्यांच्या मागे भिंतीला चिकटून बसला होता. काकूंनी डबे उतरवले, एक उघडून चकली खाल्ली, आणि ती संपायच्या आत माझं नेट सुरू झालं. “तुझ्या आईच्या चकल्या छान आहेत, पण त्यांच्यातून वायफाय जात नाही,” त्या म्हणाल्या. आईला मी हे फोनवर सांगितलं, तर तिला फक्त चकल्या छान आहेत एवढंच ऐकू आलं.

दुसऱ्यांदा मी लॅपटॉपची बटणं ओल्या फडक्याने पुसली होती. वायफाय दिसायचंच बंद झालं. काकूंनी पडद्याच्या कोपऱ्यातलं इवलंसं विमान दाखवलं. पुसताना विमानाचं बटण दाबलं गेलं होतं. ते दाबलं की लॅपटॉप जगाशी सगळा संपर्क तोडून बसतो. त्यांनी बटण पुन्हा दाबलं आणि झालं. “हे विमान लक्षात ठेव,” त्या म्हणाल्या. मी ठेवलं. नको तेव्हा ते मला आठवणार होतं.

दिल्लीत करोल बागेजवळ खोली घेऊन राहणारी, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी आपली मराठी मुलं त्यांना गणपतीच्या मंडपात भेटली होती. त्यांनी बोलावलं की काकू मेट्रोने तिथवर जायच्या. एकदा मला सोबत नेलं. लातूरकडच्या एका मुलाचा लॅपटॉप वायफायला जोडला जात होता, पण एकही साइट उघडत नव्हती. घरात काय हललं, तर काहीच नाही मॅडम, बिल्कुल काही नाही. काकूंची नजर कोपऱ्यातल्या तारखेवर गेली. लॅपटॉप पुढच्या वर्षात होता. परीक्षा उद्यावर आलीय असं वाटून अभ्यास व्हावा, म्हणून त्याने परीक्षेच्या आदल्या दिवशीची तारीख लावून ठेवली होती. तारीख चुकीची असली की साइट्स लॅपटॉपवर विश्वास ठेवत नाहीत, हे त्या गड्याला ठाऊक नव्हतं. काकू डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग तारीख नीट करून त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, “भीती मनात असू दे बाळा. घड्याळाला कशाला घाबरवतोस?”

हे सगळं त्या शिकल्या होत्या काकांसाठी. काकांना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली आणि बोलणंही जवळजवळ गेलं. चाळीसगावला त्यांचे थोरले भाऊ होते, अण्णा. त्यांचं सायकलचं दुकान आता नातू बघायचा. दोघा भावांची भेट आता होणार कशी? म्हणून संध्याकाळचा चहा झाला की लॅपटॉपवर व्हिडिओ कॉल. काकांची नजरही अधू झाली होती, फोनच्या चिमुकल्या पडद्यावर त्यांना कोणी ओळखू यायचं नाही. काकूंनी राउटर पलंगासमोरच्या भिंतीवर, देव्हाऱ्याच्याही वर ठोकून घेतला होता आणि त्याच्या आसपास काही ठेवायची कोणाची छाती नव्हती.

तो कॉल मी कितीतरी वेळा पाहिला. तिकडे नातसून फोन धरायची. अण्णा गल्लीतल्या बातम्या सांगायचे. कोणाचं लग्न जमलं, कोणाची म्हैस व्याली, दुकानात कोणतं खडूस गिऱ्हाईक आलं. काका नुसते बघत राहायचे. शेवटी अण्णा पडद्याजवळ तोंड आणून विचारायचे, “जेवलास का रे?” संध्याकाळी कसलं जेवण? पण काका म्हणायचे, “हो.” दिवसभरात त्यांच्या तोंडून स्वच्छ निघणारा तेवढाच एक शब्द. तो ऐकला की काकू लॅपटॉप मिटायच्या आणि कुकर लावायला जायच्या.

एखाद्या दिवशी कॉल लागला नाही, तर काका जेवायचे नाहीत. घास तोंडाशी नेला की मान फिरवायचे. तेव्हा आता लक्षात येईल की साठी उलटलेल्या बाईला हे सगळं इतकं बारकाईने का माहीत होतं.

संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन त्यांच्याकडे गेले. बाहेर धुकं होतं, घरात दिवसाही दिवे लागले होते. एरवी संक्रांतीला काकूंकडे हळदीकुंकू असायचं, अर्ध्या सोसायटीतल्या बायका यायच्या. या वेळी आमंत्रण आलं नव्हतं. तिळगूळ त्यांनी देवापुढे ठेवला नाही, टेबलावर ठेवायला सांगितला. मला ते जरा लागलं. देव्हाऱ्यातही अंधार होता.

काकू पलंगाशी लॅपटॉप घेऊन बसल्या होत्या आणि काकांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलत होत्या. “हे बघा, आता राउटर बंद केला. आता चालू केला. दिवे आलेत सगळे. आता नेटवर्क काढून टाकते आणि पुन्हा जोडते. नाही लागत. बहुतेक बाहेरच लाइनची अडचण आहे. उद्या बघू, अहो.” काका त्यांच्या बोटांकडे टक लावून बघत होते.

मी मागून वाकून पाहिलं आणि मला कोपऱ्यातलं विमान दिसलं. गुरूला कधी नव्हे ते काही दाखवायची संधी! मी हात पुढे केला, तोच काकूंनी माझं मनगट धरलं. पकड घट्ट होती. “चल, चहा टाकते,” त्या म्हणाल्या.

स्वयंपाकघरात मी हसत हसतच विचारलं, “काकू, घरात काय हललं?”

त्यांनी नळ मोठा सोडला.

“अण्णा गेले,” त्या म्हणाल्या.

बसल्या जागी गेले होते, दुकानात. नातवाचा फोन आला तेव्हा काका झोपलेले होते. यांना धक्का बसता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलेलं. मुलगी नाशिकला, तिचंही म्हणणं, आत्ता सांगू नकोस. काकू चाळीसगावला जाऊ शकल्या नाहीत, मोठ्याने रडूही शकल्या नाहीत. फोन आला तेव्हापासून संध्याकाळी चहा झाला की त्या विमानाचं बटण दाबायच्या आणि काकांसमोर बसून नसलेला बिघाड शोधायच्या. एकही पायरी गाळायच्या नाहीत.

“नुसतं ‘आज लागत नाही’ म्हटलं तर त्यांना पटणार नाही गं,” त्या म्हणाल्या. “मी प्रयत्न करतेय हे दिसायला हवं. तेवढ्यावर दोन घास खातात.”

ज्या बाईने सोसायटीतल्या कोणाचंच नेट बंद राहू दिलं नाही, ती स्वतःचं बंद राखायला धडपडत होती. मला तेव्हा फार रडू आलं. नळ चालू होता ते बरं झालं.

मग मीही त्या कटात सामील झाले. पलंगाशी जाऊन म्हणायचं, आमच्याकडेही बंद आहे काका, अख्ख्या टॉवरचं गेलंय. एकदा मी हे सांगत असतानाच माझ्या हातातला फोन वाजला आणि पडद्यावर आईचा चेहरा, व्हिडिओ कॉल. माझी आई वेळ साधण्यात पटाईत आहे. मी फोन पाठीमागे लपवला. काकांनी माझ्या हाताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. मला वाटलं, थकले असतील.

आता त्या घरात दुसरं बिऱ्हाड आहे. उन्हाळ्याच्या तोंडाला काका झोपेतच गेले, आणि मग काकू मुलीकडे नाशिकला राहायला गेल्या. जाताना राउटर भिंतीवरच ठेवून गेल्या. नव्या लोकांनी त्याच्यासमोर मोठा आरसा लावलाय आणि नेट नीट चालत नाही म्हणून ते तक्रार करत असतात. मी अजून त्यांना काही सांगितलेलं नाही. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही. माझ्या घरी नेट गेलं की मी अजून आधी खोलीभर बघते, चष्माही पुसते.

पण काकू म्हटलं की मला त्यांची ही धावपळ आठवत नाही. आठवते एक संध्याकाळ. सुतक फिटलं होतं, देव्हाऱ्यात पुन्हा समई लागली होती. धुकं ओसरलं होतं. मी भाजी द्यायला गेले होते. काकूंनी चहाचे कप उचलले, लॅपटॉप काकांसमोर ठेवला, उघडला आणि रोजच्या आवाजात सुरुवात केली, “हे बघा, आता आधी राउटर...”

काकांनी डावा हात उचलला. तो हलत हलत पुढे आला आणि त्याने लॅपटॉपचं झाकण खाली दाबलं. काकू थांबल्या. मग काकांनी बोट देव्हाऱ्याकडे केलं.

“दिवा लावलाय की,” काकू म्हणाल्या.

काकांनी मान हलवली. खूप वेळ ओठ जुळवत राहिले. मग म्हणाले, “तेव्हा... नव्हता.”

काकूंनी सगळं सांभाळलं होतं. फोनची रिंग बंद ठेवली होती, कुंकू लावायचं सोडलं नव्हतं, डोळे धुऊनच खोलीत जायच्या. पण सुतकात देवापुढे दिवा लावायचा धीर त्यांना झाला नव्हता. सुतकात दिवा लावायचा नाही, हे इतकं अंगवळणी पडलेलं की तो नसणं काकांना दिसेल हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. आणि पलंगासमोर तर देव्हाराच होता. लग्नापासून सुतकाशिवाय कधी न विझलेला दिवा का विझलाय, हे काका पडल्या पडल्या बघत होते. घरात काय हललं, हे त्यांना पहिल्याच संध्याकाळी कळलं होतं. तरी ते रोज बायकोच्या बोटांकडे बघत राहिले आणि तिच्या समाधानासाठी दोन घास खात राहिले.

काकू मिटलेल्या लॅपटॉपवर हात ठेवून बसल्या. खांदे हलत होते, आवाज नव्हता. मी दाराशी भाजीचा डबा घेऊन उभी. आत जावं की बाहेर, कळेना.

काकांचा डावा हात सरकत त्यांच्या हातावर आला. त्यांनी पुन्हा ओठ जुळवले, आणि त्या घरात इतके दिवस पडद्याच्या पलीकडून येणारा प्रश्न या बाजूने आला. हळू, तुटक, पण स्वच्छ.

“जेवलीस का?”

काकूंनी पदराने चष्मा पुसला. बराच वेळ पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, “हो.”