माझं पुठ्ठ्याचं कपाळ

मंडळी, आज चौथीच्या पोरांनी तेरच्या बाजारातून आणलेल्या बिस्किटांच्या खोक्यांपासून स्वतःचे चेहरे केले. नमुना म्हणून मीही माझा केला. हसरे ओठ, गुळगुळीत कपाळ.

पहिल्या बाकावरची सानिका म्हणाली, "मॅडम, ह्या तुमी न्हाईत."

"मग तूच कर की नीट."

तिनं नखानं कपाळावरचा वरचा कागद सोलला. आतला नागमोडी पुठ्ठा उघडा पडला. कपाळभर आठ्याच आठ्या! "आता झाल्या तुमी."

"व्हय!" सगळा वर्ग खुशीत ओरडला. खोडी कुणीच काढत नव्हतं.

घरी येऊन आरशात पाहिलं. आठ्या नव्हत्या. आरशासमोर मी कुणावर चिडत नाही ना!

तुमचा चेहरा तुमच्या पोरांच्या हाती दिला, तर कपाळावरचा कागद राहील का?